ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद खारी-उंदरांपासून वाचवायचे कसे? जाळी कोणती, खोली किती?

नवावाफा

३ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्यात यंदा ६० ट्यूलिप, १०० क्रोकस आणि ३० डॅफोडिल लावायचे आहेत. वरची माती पोयट्याची आहे, २० सेंमीनंतर चिकण माती लागते. वाफ्याची एक बाजू कुंपणाला लागून आहे आणि तिथे गवत माजतं.

गेल्या हंगामात याच वाफ्यातले ट्यूलिप आणि क्रोकस जवळजवळ सगळे गेले. मधल्या भागात लावणीनंतर तीन-चार दिवसांतच वाटीएवढे खड्डे पडले, कडेला कंदांची तपकिरी सालं. कुंपणाकडच्या भागात मात्र माती वरून जशीच्या तशी होती, तरी वसंतात एकही कोंब आला नाही. उकरल्यावर कंदाच्या जागी नुसती पोकळी. डॅफोडिल सगळे फुलले.

१) कंद अजून खोल लावले तर भागेल का? २) जाळी घालायची तर भोकं केवढी, आणि कोंब त्यातून वर येतात का? ३) लाल तिखट, लसूण, डांबरगोळ्या यांतलं खरोखर काय चालतं? ४) लावताना हाडांचं खत घालायला सांगतात, ते घालावं का?

खुरपंकुदळ

तुमच्या वाफ्यात दोन वेगळे चोर आहेत. एकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला बंदोबस्त दुसऱ्याला अडवणार नाही.

लावणीनंतर लगेच पडलेले उघडे, निमुळते खड्डे आणि तिथेच टाकलेली सालं, हे खारीचं काम. ती दिवसा येते, वरून येते आणि वासावरून शोधते. ताजी उकरलेली माती म्हणजे कुणीतरी काहीतरी पुरलंय, एवढं तिला पुरतं. म्हणून खारीचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या पंधरा दिवसांत. माती बसली, दोन-तीन पाऊस झाले, वास गेला, की तिचा रस कमी होतो.

वर माती शाबूत आणि खाली पोकळी, हे व्होलचं काम. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, बारीक कानांचा, गुबगुबीत रानउंदीर. तो जमिनीखालून येतो आणि हिवाळाभर येत राहतो, बर्फाखालीसुद्धा. कुंपणालगतचं गवत हाताने बाजूला सारा. दोन बोटं मावतील एवढ्या रुंद, तुळतुळीत चाललेल्या वाटा आणि मध्ये मध्ये ३–४ सेंमीची गोल भोकं दिसली तर शंका उरत नाही. तरी खात्री हवी असेल तर भोकाशी सफरचंदाची फोड ठेवा, वर कुंडी पालथी घाला आणि २४ तासांनी बघा. फोडीवर बारीक दातांच्या जोडखुणा असल्या तर बिळात राबता आहे.

मोलला मात्र यात ओढू नका. मातीचे ढीग वर फेकणारा हा प्राणी गांडुळं आणि हुमणीसारख्या अळ्या खातो, कंद खात नाही. मात्र त्याचे बोगदे व्होलला आयते मिळतात, आणि नाव मोलचं खराब होतं.

आता खोलीचं. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट माती त्याच्या डोक्यावर असावी, हा सर्वसाधारण नियम. ट्यूलिप बुडापासून मोजून १५–२० सेंमी, डॅफोडिल १५ सेंमी, क्रोकस ८–१० सेंमी. ट्यूलिप २० सेंमीवर लावले तर बऱ्याच खारी मध्येच नाद सोडतात, हे खरं. पण क्रोकस तेवढा खोल ढकलता येत नाही, त्याची ताकद वर येण्यातच संपते. आणि व्होलला खोलीचं काहीच वाटत नाही. तेव्हा फक्त खोलीवर भिस्त ठेवू नका. तुमच्याकडे २० सेंमीखाली चिकण माती आहे, तिथे खोल लावलेला कंद पाण्यात बसून कुजेल तो वेगळाच.

हाडांचं खत नको. त्याचा वास कुत्रे, कोल्हे, खारी सगळ्यांना बोलावतो. शिवाय पहिल्या वसंताचं फूल कंदाच्या आत तयारच असतं, त्याला लागणारं अन्नही आत साठवलेलं असतं. खत द्यायचं ते कोंब वर आल्यावर, पुढच्या वर्षाच्या कंदासाठी, आणि तेही कमी नत्र व जास्त पालाश असलेलं. ताजं शेणखत कंदाला लागू देऊ नका, बूड कुजतं.

तारपक्कड

वरच्या निदानाशी सहमत. दोघांना एकत्र अडवणारी वस्तू एकच, ती म्हणजे तारेची पेटी. तुमच्या आकड्यांवरून मांडणीच देतो.

आधी एक सुचवणी. ट्यूलिप आणि क्रोकस एकाच पेटीत, दोन थरांत लावा. खाली ट्यूलिप, वर क्रोकस. ट्यूलिपला १२ सेंमी अंतर धरलं तर ६० कंदांना ०.९ चौरस मीटरच्या आत जागा लागते. तेवढ्याच जागेत वरच्या थरात १०० क्रोकस ९ सेंमीवर आरामात बसतात. ट्यूलिपचा कोंब वरच्या क्रोकसला वळसा घालून निघतो, काही अडत नाही. डॅफोडिलला पेटी लागत नाही, त्यांना उरलेल्या वाफ्यात १५ सेंमी अंतराने लावा. म्हणजे जाळी फक्त १०० × ९० सेंमी भागाला.

जाळी गॅल्व्हनाइज्ड, चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली घ्या. भोक ६ मिमी. खारीला १३ मिमीची पुरते, पण व्होलची पिल्लं तिच्यातून निसटतात. मुळांची काळजी नको, ट्यूलिपची मुळं शेवयांसारखी बारीक असतात, ६ मिमीतून सहज खाली जातात. प्लास्टिकची जाळी घेऊ नका, दात लागले की संपली.

१ मीटर रुंदीच्या गुंडाळीतली अडीच मीटर जाळी आणा. ९० सेंमीचा एक तुकडा कापा, तो तळ. उरलेल्यातून ३३ सेंमी रुंदीच्या चार पट्ट्या, त्या बाजू. प्रत्येक पट्टीची खालची ३ सेंमी कड काटकोनात आत दुमडून तळावर टेकवायची, म्हणजे कोपऱ्यात फट राहत नाही. ९० सेंमीच्या बाजूंच्या पट्ट्या १० सेंमीने जास्त भरतील. दोन्ही टोकांना ५-५ सेंमी वळवून शेजारच्या पट्टीवर चढवा. सगळं बाइंडिंग वायरने दर १० सेंमीला पक्कडीने पिळून बांधा. पत्रा कापायची कात्री आणि जाड चामडी हातमोजे पाहिजेतच. कापलेल्या तारांची टोकं सुईसारखी असतात, आणि कापताना गुंडाळी सुटून तोंडावर उसळते. तिच्या दोन्ही टोकांवर वीट ठेवूनच काम करा.

खड्डा २५ सेंमी खोल खणा. वरची माती एका बाजूला, चिकण माती दुसऱ्या बाजूला. तळाची चिकण माती काट्याने आणखी १० सेंमी सैल करा. पेटी बसवल्यावर बाजू जमिनीच्या ५ सेंमी वर राहिल्या पाहिजेत. हे ५ सेंमी लोक दिसायला वाईट म्हणून छाटतात आणि व्होल कडेवरून आत येतो.

मग पेटीत: ५ सेंमी माती, त्यावर ट्यूलिप टोक वर करून, जागच्या जागी हलकेच दाबून. कंदाचं बूड आता २० सेंमीवर आहे. त्यावर १० ते ११ सेंमी माती, मग क्रोकस, सपाट बाजू खाली. त्यावर उरलेली ९-१० सेंमी माती. वरची बाजू कुठली ते कळेना तर कंद आडवा ठेवा, कोंब आपली वाट शोधतो. प्रत्येक थर हाताने दाबत चला. पोकळ जागा राहिली तर तिथे पाणी साचतं आणि मुळं हवेत लोंबकळतात.

झाकणाला २५ मिमीची चिकन मेश (कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी) चालेल, ११० × १०० सेंमी. कडा बाजूंवरून खाली दुमडा आणि दर १५ सेंमीला बाइंडिंग वायरचं एक वेटोळं. वेटोळी घट्ट पिळू नका, वसंतात हाताने सुटली पाहिजेत.

पानगळ

तारपक्कड यांची पेटी उत्तम आहे, फक्त झाकणाबद्दल माझं मत वेगळं. २५ मिमीच्या भोकातून व्होल वरून सहज आत उतरतो. बर्फ पडला की जमिनीपासून ५ सेंमी वरची कड त्याच्यासाठी कड राहतच नाही, तो बर्फातूनच बोगदा काढत येतो. व्होल आहे हे नक्की असेल तर झाकणही बारीक जाळीचं, फार तर १३ मिमीचं घाला; पिल्लं निसटली तरी मोठा व्होल त्याने अडतो. मात्र मग ते वेळेवर काढायची शिस्त हवी. क्रोकसची पातळ पानं बारीक भोकातून निघतात, पण ट्यूलिपचं टोक भोकात शिरतं आणि पुढची रुंद पानं अडकून चुरगळतात. कोंब २ सेंमी दिसले की झाकण निघालं पाहिजे.

दुसरं, निचरा. चिकण मातीत खड्डा खणून सैल माती भरली की तो खड्डा पाणी धरणारी टाकी होतो. पेटी बसवण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरू द्या, पुन्हा ओता. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी चार तासांनीही तळाला दिसत असेल तर खोल जाऊ नका, वाफा उंच करा. पेटी ८–१० सेंमी वर उचलून बसवा आणि भोवती माती चढवा. भरायच्या मातीत तीन भागांना एक भाग भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. बारीक वाळू मिसळू नका, चिकण मातीत ती विटेसारखी घट्ट बसते. कंद कुजून गेला तरी जागेवर पोकळीच दिसते आणि आळ उंदरावर येतो. फरक असा: कुजलेल्या कंदाचा आंबट वास आणि तपकिरी लगदा राहतो, खाल्लेल्याचं फक्त साल.

कंद लावण्याआधी एकेक हातात घेऊन अंगठ्याने बुडाशी दाबा. बूड मऊ लागलं तर टाकून द्या, एकाचा रोग शेजारच्यांना लागतो. सालावर निळसर-हिरवी बुरशी आहे पण कंद टणक आणि जड आहे, असा चालतो. पुसून लावा.

लावणीची वेळही बघा. १५ सेंमी खोलीवर मातीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेल्यावर लावा, आणि जमीन गोठायच्या आधी मुळं धरायला पाच-सहा आठवडे मिळतील असं बघा. ट्यूलिपला त्यातल्या त्यात उशीर केलेला बरा, थंड मातीत बोट्रायटिस बुरशीचा त्रास कमी होतो. डॅफोडिल आधी लावा, त्यांना मुळं धरायला जास्त वेळ लागतो.

आणि सालं! लावताना गळून पडलेलं प्रत्येक साल उचलून वाफ्यापासून लांब न्या. खारीच्या दृष्टीने ती पाटीच असते.

नवावाफा

खूप उपयोगी. खड्डा खणून पाणी ओतून बघतो. दोन गोष्टी राहिल्या. तिखट-लसणाचं कुणी सांगितलं नाही. आणि लावणी पुढे ढकलली तर कंद तोपर्यंत ठेवायचे कुठे? फ्रिजमध्ये चालतील का?

हिवाळीकंद

फ्रिजमध्ये चालतील, पण सफरचंद, पेअर, केळी यांच्याबरोबर अजिबात नाही. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कंदाच्या आतला फुलाचा गर्भ मरतो. कंद वरून ठणठणीत दिसतो, वसंतात पानंही येतात, फूल मात्र येत नाही. काही आठवड्यांचाच प्रश्न असेल तर कोरडी, हवेशीर, अंधारी, गार जागा आणि कागदी किंवा जाळीची पिशवी पुरे. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरतो. उंदीर पोचतील अशा खोलीत ठेवायचे तर पत्र्याच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. हिवाळाच पुरेसा थंड नसेल तिथे फ्रिजचा उपयोग वेगळा आहे: ट्यूलिपला २ ते ९ अंशांत १२ ते १६ आठवडे गारवा मिळाला नाही तर दांडा आखूड राहतो आणि फूल पानांतच अडकतं.

तिखटाचं सांगतो. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना नाही, म्हणजे तत्त्व बरोबर आहे. अडचण पावसाची. एक चांगली सर आली की वरची पूड धुऊन गेली, आणि जमिनीखालून येणाऱ्या व्होलला तर ती भेटतच नाही. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, पेटी नसलेल्या जागेवर, प्रत्येक पावसानंतर पुन्हा टाकायची तयारी असेल तर थोडा फरक पडतो. वारा असताना टाकू नका, डोळ्यांत जातं. लसणाचं पाणी याहून कमी टिकतं.

डांबरगोळ्या नकोतच. नॅफ्थालीन विषारी आहे, मातीत उतरतं, आणि मुलं किंवा पाळीव प्राणी गोळी तोंडात घालू शकतात. उंदराचं औषधही नको. औषध खाल्लेला व्होल घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्या पोटात जातं, आणि व्होल आटोक्यात ठेवणारे तेच तर असतात.

लोक ट्यूलिपभोवती डॅफोडिलचं रिंगण करायला सांगतात. डॅफोडिलमध्ये लायकोरीन नावाचं विषारी अल्कलॉइड असतं आणि टोचणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिकही असतात, म्हणून त्याला कुणी तोंड लावत नाही. तुमचे सगळे फुलले ते याचमुळे. पण त्याचं विष त्याच्यापुरतंच. खार दोन डॅफोडिलच्या मधून नेमका ट्यूलिप काढते. रिंगण शोभेसाठी करा, कुंपण म्हणून नको.

जाळीचा व्याप नको असेल तर यादीच बदला. डॅफोडिल, स्नोड्रॉप, अलियम, फ्रिटिलारिया इम्पीरियालिस यांना खारी-उंदीर सहसा टाळतात. हायसिंथ, मस्कारी (ग्रेप हायसिंथ) आणि सिला बहुतेकदा वाचतात. फ्रिटिलारियाच्या कंदाला कोल्ह्यासारखा उग्र दर्प येतो, तो घरात साठवू नका. क्रोकसच हवा असेल तर टोमासिनियानस जात घ्या, मोठ्या फुलांच्या डच क्रोकसपेक्षा खारी तिच्या मागे कमी लागतात.

हाताळताना हातमोजे घाला. हायसिंथच्या सालांनी खाज सुटते, आणि ट्यूलिपचे कंद तासन्‌तास हाताळले तर बोटांची कातडी चिरते. डॅफोडिलचे कंद कांद्यासारखे दिसतात. स्वयंपाकघरात किंवा कांद्याच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका, पोटात गेले तर जोरदार उलट्या होतात.

खुरपंकुदळ

लावणी झाल्या दिवशीचं थोडं राहिलं. माती फळीने ठोकून सपाट करा, चौरस मीटरला १० लिटरच्या हिशोबाने झारीने पाणी घाला, आणि वर आजूबाजूची जुनी माती किंवा वाळकी पानं पातळ पसरून उकरल्याची खूण पुसून टाका. पानांचं जाड आच्छादन मात्र लगेच घालू नका, व्होलला ऊबदार छप्पर मिळतं. जमीन वरून गोठल्यावर ५ ते ८ सेंमी घाला. कुंपणालगतचं गवत मुळापर्यंत कापून अर्धा मीटर पट्टा उघडा ठेवा. व्होलला उघड्यावरून जायला भीती वाटते, आणि हा पट्टा कुठल्याही औषधापेक्षा जास्त काम करतो.

डॅफोडिल पेटीबाहेर आहेत म्हणून त्यांच्या भागाला पहिले पंधरा दिवस चिकन मेशचा तुकडा अंथरून ठेवा. खार त्यांना खात नाही, पण काय आहे ते बघायला उकरते आणि कंद उघड्यावर टाकून जाते. जाळी सपाट ताणून, ३० सेंमी तार यू आकारात वाकवून केलेल्या पिनांनी दर ३० सेंमीला खिळवा. ढिली राहिली तर खार खालून डोकं घालते.

तारपक्कड

पानगळ यांचा झाकणाचा मुद्दा बरोबर, व्होल आहे तिथे १३ मिमीच. माझ्या मांडणीत तेवढा बदल करून घ्या.

झाकण काढल्यावरची एक गोष्ट. तेव्हा वाफ्यात कोवळे कोंब उघडे असतात आणि ससे, हरणं येतात. कोण आलं ते दांड्यावरून कळतं: सशाचा छेद विळ्याने कापावा तसा तिरपा आणि स्वच्छ, हरणाचा फाटलेला, रेषा निघालेल्या, कारण हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. सशाला ६० ते ९० सेंमी उंच २५ मिमीची जाळी अडवते, पण खालची १५ सेंमी बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबलेली हवी, नाहीतर तो खालून खणतो. हरणाला खरंच अडवायचं तर कुंपण २.४ मीटर लागतं. छोट्या वाफ्यासाठी तेवढं करवत नसेल तर कुजक्या अंड्याच्या आधाराची फवारणी कोंब ५ सेंमीचे झाल्यापासून सुरू करा, आणि जोराच्या पावसानंतर पुन्हा. कळ्या वर आल्या की एकही फेरी चुकवू नका, हरणाचा डोळा कळीवरच असतो.

फुलं गेल्यावर फक्त बोंडं खुडा. पानं पिवळी पडून आपोआप आडवी होईपर्यंत, साधारण सहा आठवडे, राहू द्या. त्यांच्या गाठी मारू नका, वेण्या घालू नका. याच पानांवर कंद भरतो. पानं पूर्ण वाळली की झाकण परत बसवा, कारण उन्हाळ्यातही व्होल मोकळाच असतो.